आजी-आजोबांच्या अस्थी समुद्रात सोडायच्या असतील तर आधी भरतीची वेळ बघा

घरातलं माणूस गेलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत सल्ले खूप मिळतात पण सगळे तुकड्यातुकड्यात, कोणी म्हणतं नाशिकला न्या, कोणी म्हणतं आळंदी, मग एखादा मामा म्हणतो अरे त्यांचं गाव कोकणात, त्यांना समुद्रातच सोडा, सगळे हो म्हणतात आणि विषय तिथेच थांबतो. बोट कुठून करायची, किती वाजता निघायचं, कोणी जायचं, मडकं रात्री कुठे ठेवायचं, यातलं काहीच कोणाला माहीत नसतं. आमच्याकडे आजोबा गेले आणि त्यांच्या मागोमाग आजी, दोघांच्याही अस्थी आम्ही दापोलीकडे आमच्या किनाऱ्यावर समुद्रात सोडल्या. त्यानंतर ओळखीतले बरेच जण फोन करून विचारायला लागले म्हणून सगळं एकत्र लिहितेय. शहरात वाढलेली, हे आधी कधी न केलेली जी नातवंडं आहेत त्यांच्यासाठी मुख्यतः.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. या कामात वेळ समुद्र ठरवतो. गुरुजींची सवड, मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या गाड्या, परदेशातल्या काकांची झोपायची वेळ हे सगळं नंतर बसवता येतं. आधी त्या दिवशी भरती किती वाजता भरतेय ते बघायचं आणि तिथून मागे मोजत यायचं.

सावडायला जाल तेव्हाच करायच्या गोष्टी

रीतीप्रमाणे तिसऱ्या दिवशी सावडायला जातात, हल्ली बरेच जण दुसऱ्याच दिवशी उरकतात आणि विद्युतदाहिनी किंवा गॅसदाहिनी असेल तर काही तासांतच अस्थी हातात मिळतात. लाकडाच्या चितेची राख खूप असते, टोपल्या भरतात, ती सगळी समुद्रावर न्यायची नसते. अस्थी वेगळ्या वेचून मडक्यात ठेवतात आणि राख जवळच्या नदीला जाते, किंवा हल्ली पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच गावांत ती शेतात टाकून तिथे झाड लावतात, मला ती पद्धत मनापासून आवडते. फक्त सगळी राख एकाच खड्ड्यात ओतू नका, लाकडाची राख क्षारयुक्त असते, रोपाला सोसत नाही, लांबवर पसरा.

चितेवरच्या अस्थी म्हणजे पावडर नसते. चांगले बोटभर, कधी त्याहून मोठे तुकडे असतात, पांढरे, काही करडे. घरातली लहान मुलं किंवा हळवी माणसं सोबत येणार असतील तर हे आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी बघून माणूस हबकतो. आणि आजी-आजोबांच्या वयात गुडघ्याचं, खुब्याचं ऑपरेशन झालेलं असतं ना, तर तो धातूचा सांधा, पट्टी, स्क्रू राखेत तसेच मिळतात. स्मशानातल्या कर्मचाऱ्यांना सवय असते, ते काढून दाखवतात. तो धातू अस्थींसोबत समुद्रात टाकायचा नाही, तिथेच त्यांच्याकडे द्या आणि त्याचं काय करतात ते विचारून घ्या.

सावडताना दूध-पाणी शिंपडतात त्यामुळे अस्थी ओल्या असतात. त्याच दिवशी विसर्जन असेल तर प्रश्न नाही, पण आठ-दहा दिवस थांबणार असाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, कुबट वास येतो आणि बुरशी धरते. मातीचं मडकं, तोंडाला सुती कापड, हीच जुनी पद्धत बरोबर आहे कारण हवा खेळती राहते. मडक्यावर चिठ्ठी चिकटवून नाव आणि तारीख लिहा. दोघांच्या अस्थी एका वेळी नेणार असाल तर दोन वेगळी मडकी ठेवा. एकत्र करायच्या की नाही यावर घरात दोन मतं असतातच, वेगळ्या ठेवल्या की तो प्रश्न बोटीत बसेपर्यंत कोणाला सोडवावा लागत नाही आणि एकाच जागी एकामागून एक सोडल्या की पाण्यात त्या एकत्रच होतात.

स्मशानाची पावती जपून ठेवा, फोटोही काढून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, ती आधी करून दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या. गाडीने कोकणात जाताना सहसा कोणी विचारत नाही पण विमानाने जायचं असेल तर दाखला आणि दहनाची पावती दोन्ही लागतात, आणि अस्थी हातातल्या सामानात घ्यायच्या की चेक-इनमध्ये हे एअरलाइननुसार बदलतं त्यामुळे तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारा.

मडकं घरात आणत नाहीत बरेच जण, स्मशानातच लॉकरमध्ये ठेवतात किंवा झाडाला टांगतात. प्रवासात मुक्काम असेल तर लॉजवाल्याला किंवा घरगुती राहायची सोय करणाऱ्या काकूंना आधी स्पष्ट सांगा की सोबत अस्थी आहेत. काहींना चालतं, काहींना खोलीत नको असतं पण अंगणातल्या झाडाला बांधायला ते स्वतः दोरी आणून देतात. लपवून ठेवू नका.

पावसाळ्यात कोणी गेलं असेल तर

जून ते सप्टेंबर बोटीने समुद्रात जायचा विचारच करू नका. १ जून ते ३१ जुलै तर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदीच असते आणि प्रवासी बोटीही बऱ्याच ठिकाणी बंद असतात. नारळी पौर्णिमेला कोळी लोक नारळ वाहून होड्या पाण्यात घालतात, पण त्यांचं पाण्यात जाणं वेगळं आणि साडी नेसलेल्या आत्याला घेऊन आपलं जाणं वेगळं. दसऱ्याच्या पुढे समुद्र निवळतो.

मग दहा दिवसांत करायचं असं सांगतात त्याचं काय? तर यावर एक मध्यम मार्ग खूप घरं काढतात, अस्थींचा काही भाग दहाव्याच्या आत नाशिकच्या रामकुंडात किंवा आळंदीला इंद्रायणीत किंवा गावच्या नदीत सोडतात आणि थोड्या अस्थी समुद्रासाठी मागे ठेवतात. आपल्या गुरुजींशी बोलून ठरवा. पण उशीर झाला म्हणून मन खात राहू नका. गांधीजींच्या अस्थींचा एक कलश मागे राहिला होता, तो ३० जानेवारी २००८ ला गिरगाव चौपाटीच्या समुद्रात विसर्जित केला, म्हणजे ते गेल्यावर बरोबर ६० वर्षांनी. आणि ते विसर्जन त्यांच्या पणतीच्या हातून झालं, हेही लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

भरतीचं गणित

मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक दाखवणारी ॲप आहेतच, पण कोकणातली म्हातारी माणसं तिथीवरून तोंडी हिशोब करतात तो शिकून घ्या, तारीख ठरवताना फार उपयोगी पडतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती साधारण तीन वाजता. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकराच्या पुढे. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. दुसरी भरती त्यानंतर साडेबारा तासांनी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, मुंबईकडे जरा उशिरा आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे जरा आधी, त्यामुळे तारीख तिथीवरून ठरवा आणि नेमकी वेळ वेळापत्रकावरून किंवा सरळ तिथल्या माणसाला विचारून घ्या.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. मुंबईत मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा चढउतार कमी आणि पाण्याला ओढही कमी. बऱ्याच घरांत अमावास्याच धरतात, पितरांची तिथी म्हणून, भावना समजते, पण म्हातारी माणसं आणि मुलं बोटीत असतील तर मी तरी उधाणाचे दिवस टाळा असंच सांगेन.

आता सगळं जुळवून बघा. दशमीला भरती साधारण साडेसातला भरते आणि एकादशीला सव्वाआठला, दोन्ही सकाळच्या वेळा. भांग नुकताच होऊन गेलेला असतो म्हणून पाणी फार खेचत नाही. शिवाय सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो, शाळेत भूगोलात मतलई वारे शिकलो ते हेच, आणि उन्हं चढली की दुपारकडे खारा वारा सुटतो तो समुद्रावरून थेट तोंडावर येतो. राख सोडताना हा फरक किती मोठा असतो ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. सकाळच्या वाऱ्याला राख पुढे समुद्राकडे जाते, दुपारच्या वाऱ्याला ती उलटी येऊन केसांत, डोळ्यांत, चष्म्यावर बसते आणि मग सोडणारा माणूस त्या क्षणी आजोबांचा विचार करायचा सोडून डोळे चोळत बसतो. आम्ही एकादशीची सकाळ धरली, एकादशी आहे म्हणून घरातले जुने लोकही खूश, आणि तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, काकाही म्हणाले की दिवस बरा निवडलात.

भरती भरतानाच का, तर त्याला तीन कारणं आहेत. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध साचलेला असतो, त्यावर पुरेसं पाणी असेल तरच बोट सुखरूप बाहेर पडते. दुसरं, जेट्टीच्या पायऱ्या. ओहोटीला बोट खाली जाते आणि शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, सत्तर वर्षांच्या माणसाला तिथून उतरवणं म्हणजे सगळ्यांचाच जीव मुठीत, भरतीला बोट जेट्टीच्या जवळजवळ बरोबरीला येते आणि हात धरून पाऊल टाकता येतं. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, पाणी भरलं की थोडा वेळ थबकतं आणि मग सुकती लागते, म्हणजे पाणी बाहेर ओढायला लागतं. त्या वेळी सोडलेल्या अस्थी, फुलं, राख समुद्राकडे जातात. चढत्या पाण्यात सोडलं तर अर्ध्या तासात फुलं किनाऱ्यावर परत येतात, आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मावशीच्या पायाशी ती आली की तिला काय वाटतं ते मी सांगायला नको.

म्हणून बेत असा करायचा. पूर्ण भरतीच्या साधारण पाऊण-एक तास आधी बोटीत बसायचं, भरती भरेपर्यंत बाहेर पोचायचं, पूजा-संकल्प शांतपणे करायचा, सुकती लागली की सोडायचं आणि पाणी फार उतरायच्या आत परत यायचं. एकादशीची सकाळ असेल तर सातला जेट्टीवर. म्हणजे आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचायला हवं. पहाटे पुण्याहून निघून थेट बोटीत बसू हा विचार सोडा, घाटात एक ट्रक अडकला तरी भरती निघून जाते, ती आपल्यासाठी थांबत नाही.

जागा

कोकणात अस्थींसाठी सगळ्यांना माहीत असलेली जागा म्हणजे रायगड जिल्ह्यातलं हरिहरेश्वर, दक्षिण काशी म्हणतात, सावित्री नदी तिथे समुद्राला मिळते, विधी करणारे गुरुजी गावातच मिळतात, नवख्या घराला सगळ्यात सोपं तेच. पण तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकांवर उभं राहून काहीही करू नका. त्या खडकांवरून लाटेने माणसं ओढून नेल्याच्या दुर्घटना झालेल्या आहेत, लाट न सांगता येते आणि खडक घसरडे असतात. स्थानिक माणूस आज जाऊ नका म्हणाला की जायचं नाही, तिथे वाद घालायचा नाही.

स्वतःचं गाव किनाऱ्यावर असेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे, तिथेच जा. केळशी, आंजर्ले, हर्णे, गुहागर, मालवण, जिथलं असेल तिथे. आजोबा ज्या पाण्यात पोहायला शिकले ते पाणी असेल तर विधी लहान झाला तरी चालतो. हर्ण्यासारख्या मोठ्या बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी प्रचंड गर्दी असते, ती वेळ विचारून टाळा. शनिवार-रविवारी डॉल्फिन बघायला आलेल्या पर्यटकांच्या रांगेत मडकं घेऊन उभं राहायची वेळ येऊ देऊ नका, मधला वार बघा.

बोट मिळालीच नाही तर किनाऱ्यावरूनही करता येतं, जेट्टीच्या टोकावरून, सुकती लागताना, घट्ट कठड्याला धरून. किंवा उथळ पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, घोट्याएवढ्या पाण्यात. गुडघ्याच्या वर जाऊ नका, भिजलेलं धोतर किंवा नऊवारी इतकी जड होते की पोहता येणाराही पडतो. आणि खाडीच्या तोंडाशी सुकतीला पाण्यात अजिबात उतरायचं नाही, वरून शांत दिसतं पण सगळ्या खाडीचं पाणी त्या चिंचोळ्या जागेतून बाहेर पळत असतं. जी सुकती अस्थी नेते तीच माणसालाही नेते, हे घरातल्या उत्साही तरुणांना आदल्या रात्री नीट समजावून सांगा.

बोट ठरवताना

आदल्या दिवशी संध्याकाळी बंदरावर स्वतः जाऊन बोला. प्रवासी वाहून न्यायचा परवाना असलेलीच बोट घ्या, प्रवासी बोटींचं काम महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड बघतं आणि किती माणसं बसवायची ते ठरलेलं असतं. मच्छीमारीची होडी ओळखीच्या माणसाची असली तरी ती माणसं न्यायला नसते. लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळणार का हे विचारा आणि डोळ्यांनी बघा, मुलांच्या मापाची आहेत का तेही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला मुंबई बंदरात अपघात झाला, तेव्हा पाणी शांत होतं, दिवस होता. त्यामुळे शुभ्र कपड्यांवर केशरी जॅकेट फोटोत बरं दिसत नाही वगैरे म्हणणाऱ्या चुलतभावाचं ऐकू नका. जॅकेट चढवूनच मडकं हातात घ्यायचं.

तांडेलला आधीच सांगा की अस्थी सोडायच्या आहेत. काहींना ते काम नको असतं, त्यांचा मान राखा आणि दुसऱ्याला विचारा. जे हो म्हणतात ते मनापासून करतात, आमचे तांडेल काका चप्पल काढून उभे राहिले आणि त्यांच्या खलाशाने नारळ स्वतःहून पुढे केला. भाडं आख्ख्या बोटीचं ठरवा, किती वेळ लागेल ते सांगा, म्हणजे मधे घाई होत नाही. सगळ्यांची आधार कार्डं जवळ ठेवा, किनाऱ्यावर सुरक्षेची तपासणी असते. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचे लाटांचे इशारे आणि हवामान खात्याचे मच्छीमारांसाठीचे इशारे आदल्या दिवशी बघून घ्या आणि मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर टाकून ठेवा.

सामान

काळे तीळ, जव, तांदूळ, दर्भ, तुळस, थोडं दूध, सुटी पांढरी फुलं, तांब्या-पळी, नारळ. गुरुजी येणार असतील तर ते आणखी काही सांगतील. बोट हलत असते म्हणून सगळं एका खोल पातेल्यात किंवा बादलीत ठेवा, ताटात मांडलं की पहिल्याच हेलकाव्याला सांडतं. दिवा-उदबत्ती किनाऱ्यावरच लावा, बोटीत डिझेल असतं. मडक्याच्या गाठी आदल्या रात्री सैल करून परत साध्या फासाने बांधा, ओल्या हाताने भर समुद्रात निरगाठ सुटत नाही. एक छोटी कात्री खिशात ठेवाच.

उपाशीपोटी बोट लागते. उपास असणाऱ्यांनीही काहीतरी थोडं खाऊन घ्यावं, आलेपाक जवळ ठेवावा. उलटीची गोळी घेणार असाल तर निघायच्या अर्धा-एक तास आधी, आणि बीपी-शुगरची औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरना विचारून. कोरडे कपडे, टॉवेल, पाणी गाडीत असू द्या.

प्रत्यक्ष सोडताना

कोण सोडणार हे घरीच ठरवा. बोटीत बसून ठरवायला गेलात तर जुनी भांडणं तिथे वर येतात, दुःखात माणसं लगेच दुखावतात. मोठ्या मुलाचा मान असतो, तो असू दे, पण मुलगी, सून, नातींचा हात लागू नये असं म्हणणारं कोणी निघालं तर वर सांगितलेली गिरगाव चौपाटीची गोष्ट सांगा. आमच्याकडे आजीला शेवटची कित्येक वर्षं आत्याने सांभाळलं होतं, तिने आजीचं मडकं धरलं आणि बाबांनी आजोबांचं, गुरुजींनीही काही हरकत घेतली नाही. ज्यांना सोडायचं आहे त्या सगळ्यांना निदान एक ओंजळ तीळ-फुलं तरी मिळतील असं बघा.

फार लांब जायची गरज नसते. लाटा फुटतात ती रेघ ओलांडून थोडं पुढे गेलात की पुरे. तांडेल इंजिन मंद करेल किंवा बंद करेल, बंद केल्यावर बोट जास्त डोलते हे आधी माहीत असू द्या, उभं कोणी राहू नका. कुठल्या बाजूने सोडायचं ते त्यालाच विचारा, वारा पाठीवर घेऊन, वारा जिकडे जातोय त्या बाजूने सोडायचं. सोडणाऱ्याला मागून एकाने कमरेला धरायचं. मडकं उंच धरून ओतू नका, वाकून तोंड पाण्याला जवळजवळ टेकवा आणि हळूहळू तिरपं करा. अस्थी लगेच तळाला जातात, बारीक राख मात्र वर पातळ थर धरून थोडा वेळ तरंगत राहते, मग पसरते. हे बघून काहींना वाटतं की झालं नाही नीट, तसं काही नसतं, तिला वेळ द्या. मडक्यात खाली चिकटलेलं असतं ते समुद्राचंच पाणी आत घेऊन दोन-तीनदा खळबळून सोडा. मग फुलं, मग तीळ, मग ज्याला जे म्हणायचं असेल ते.

गुरुजी न्यायचे नसतील तरीही चालतं. आजीचा आवडता अभंग म्हणा, नाहीतर प्रत्येकाने एक-एक वाक्य बोला. फक्त कोणी सुरुवात करायची ते ठरवून ठेवा, नाहीतर सगळे एकमेकांकडे बघत राहतात.

पाण्यात फक्त अस्थी, सुटी फुलं, तीळ-तांदूळ आणि दूध. हार घालणार असाल तर दोरा काढून फुलं मोकळी करा. कापड, प्लॅस्टिकची पिशवी, थर्माकोल, फोटो, आजोबांचा चष्मा, यातलं काहीही टाकायचं नाही. मातीचं मडकं सोडायची रीत असेल तर सोडा, पण तांब्या-पितळेचा कलश परत आणा. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणजे आपण अस्थी न्यायला निवडतो तेच महिने, नायलॉनचा दोरा आणि पिशव्या त्यांच्या जिवावर येतात. खलाशी म्हणेल टाका सगळं, तरी बादलीत भरून परत आणा.

फोटोचं आधी बोलून घ्या. एकच माणूस फोटो-व्हिडिओ काढेल, बाकी सगळ्यांचे फोन खिशात. परदेशातल्यांना व्हिडिओ कॉलवर घ्यायचं असेल तर किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की रेंज जाते हे त्यांना आधी सांगा, कॉल तुटला तर इकडे तेच शोधत बसायचं नाही, रेकॉर्डिंग नंतर पाठवायचं. जे बोटीत चढू शकत नाहीत त्यांना जेट्टीवर खुर्च्या टाकून बसवा, सोबत एक धट्टाकट्टा माणूस ठेवा, आणि त्यांच्याही हातात फुलं-तीळ द्या, बोटीवरून हात हलवला की त्यांनी तिथून सोडायचे.

परत आल्यावर अंघोळ, आणि जेवणाची सोय आदल्या दिवशीच सांगून ठेवा, साधं वरण-भात पुरतं. त्या जेवणाला घाई करू नका. आमच्याकडे आजी-आजोबांच्या सगळ्यात जास्त गोष्टी त्या पंगतीत निघाल्या, गुरुजीसुद्धा बसले होते ऐकत.

परदेशात राहणाऱ्यांसाठी

आजी-आजोबा अमेरिकेत मुलाकडे असताना वारले आणि अस्थी तिथेच समुद्रात सोडायचं ठरलं तर तिथला नियम असा की किनाऱ्यापासून निदान ३ सागरी मैल लांब जाऊन सोडायचं आणि त्यानंतर ३० दिवसांच्या आत पर्यावरण खात्याला, म्हणजे ईपीएला कळवायचं. आधी परवानगी मागावी लागत नाही. प्लॅस्टिक तिथेही चालत नाही. तिकडे दहनानंतर अस्थी दळून बारीक करून देतात, त्यामुळे वाऱ्याची काळजी इथल्यापेक्षा जास्त घ्यायला लागते.

अस्थी भारतात आणायच्या असतील तर मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीचं ना-हरकत पत्र ही तीन कागदपत्रं तयार ठेवा. पेटी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची घ्या, धातूची नको, कारण अमेरिकेच्या विमानतळांवर ती एक्स-रेमधून आरपार दिसावी लागते, दिसली नाही तर सोडत नाहीत आणि तिथले अधिकारी पेटी उघडतही नाहीत. मडक्यात अस्थी इथे आल्यावर काढा. कागदपत्रांचा एक संच पेटीसोबत आणि दुसरा आपल्या अंगावरच्या पिशवीत असू द्या, आणि मधे विमान बदलायचं असेल तर दुसऱ्या एअरलाइनलाही वेगळं विचारून लेखी उत्तर घ्या.